पाहावे, खावे, करावे : उन्हाळी कोकणवाङ्मयाचा थोडा विचार

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि उन्हे तापू लागली, म्हणजे आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एका विशिष्ट प्रकारच्या वाङ्मयाचे वाचन मोठ्या आवडीने सुरू होते. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, मासिकांचे उन्हाळी अंक, प्रवासी मंडळ्यांची पत्रके आणि अलीकडे हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर उमटणाऱ्या याद्या, या सर्वांचा विषय एकच असतो : कोकणच्या किनाऱ्यावर चार दिवस जावयाचे तर काय पाहावे, काय खावे आणि काय करावे. या लिखाणाचा उल्लेख वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात सापडावयाचा नाही, व त्याचे लेखकही बहुधा निनावीच असतात. तथापि आमच्या परिचयाच्या घरांपुरते बोलावयाचे तर एखाद्या चांगल्या कादंबरीपेक्षा या याद्याच अधिक लक्षपूर्वक वाचल्या जातात, आणि त्यांतील शब्द अधिक निष्ठेने आचरणात आणले जातात.

टीकाकाराने असल्या लिखाणाकडे वळावे हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या लिखाणाच्या आधारे अनेक कुटुंबे एका संबंध प्रदेशाकडे पाहावयास शिकतात, त्याच्या गुणदोषांची चिकित्सा कोणी करूच नये, हे आम्हांस योग्य वाटत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही अशा सात-आठ याद्या बरोबर घेऊन सहकुटुंब रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रवास केला. त्या याद्या जागेवर ताडून पाहता आमच्या मनात जे विचार आले, ते येथे मांडीत आहो.

प्रथम या वाङ्मयाच्या पदरात त्याचे श्रेय टाकणे न्यायाचे होईल. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्यापूर्वी घाटावरच्या माणसास कोकणात जावयाचे तर तेथे कोणी नातलग असावा लागे. ज्यास मामा नाही, त्यास कोकणही नाही, अशी जवळजवळ स्थिती होती. आता ज्याचे तेथे कोणी नाही तोही निर्धास्तपणे जातो, त्यास राहावयास जागा मिळते, आणि त्याच्या पैशातून काही घरांच्या चुली पेटतात. हे कार्य या याद्यांनी केले आहे. आमची तक्रार त्यांच्या अस्तित्वाविषयी नसून त्यांच्या दृष्टीविषयी आहे.

ही दृष्टी मराठीत अगदी अलीकडची आहे. स्थळांच्या नोंदी करण्याची हौस आमच्या भाषेस पूर्वीपासून आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही एका अर्थाने स्थळांची यादीच होय. परंतु प्रत्येक स्थळ श्रीचक्रधरांच्या एखाद्या वास्तव्याशी वा लीळेशी जोडलेले असल्यामुळे, तेथे का जावयाचे हा प्रश्न वाचकास पडतच नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या धामधुमीतील आपल्या प्रवासाची हकीकत १८८३ मध्ये लिहिली व ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरचे कर्ज फिटावे म्हणून भिक्षुक घराबाहेर पडतो, यज्ञातील दक्षिणेची आशा धरतो, आणि वाटेत जे पाहतो ते त्या गरजेच्या प्रकाशात पाहतो. मुंबई सरकारने १८८० मध्ये प्रसिद्ध केलेला रत्नागिरी व सावंतवाडी यांचा गॅझेटियर-खंड घ्या. त्याचा कर्ता परका, त्याचा हेतू राज्यकारभाराचा, आणि त्याच्या पूर्वग्रहांविषयी पुष्कळ बोलता येईल. पण बंदर म्हटले की तेथे काय उतरते, काय चढते, कोण राबतो, हे तो विचारतो. भक्त, भिक्षुक आणि अंमलदार या तिघांचेही स्थळाशी काहीतरी काम होते. आजच्या याद्यांचा वाचक तेवढा असा कल्पिलेला असतो, की त्याचे त्या स्थळाशी काहीच काम नाही. त्यास फक्त सुटी घालवावयाची आहे. सर्व दोषांचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

‘पाहावे’ या पहिल्या सदरापासून आरंभ करू. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून काही चौथरे दाखवितात. आमच्याजवळच्या तीन याद्यांत असे छापले होते, की लॉकियर नामक इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी याच ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लावला. विधान भव्य आहे, आणि त्यावर उभे राहून छायाचित्र काढून घेण्यासारखेही आहे. परंतु ते खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे निरीक्षण करण्यास फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन मद्रास इलाख्यात गुंटूर येथे आला होता. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता, आणि सूर्याच्या वर्णपटाचे आपले प्रसिद्ध निरीक्षण त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तेथूनच केले. सूर्यप्रकाशातील ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना निघाली, तिचा इतिहास असा आहे. मग विजयदुर्गाचा संबंध अजिबात नाही काय? आहे, आणि तो कल्पित गोष्टीपेक्षा अधिक मनोरंजक आहे. तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, दुसरे एक खग्रास ग्रहण कोकणावरून गेले, तेव्हा हाच लॉकियर, आता वृद्धत्वाकडे झुकलेला, विजयदुर्गास खरोखरच आला. ब्रिटिश आरमाराच्या जहाजावरील अधिकारी व खलाशी यांस हाताशी धरून त्याने तेथे आपली यंत्रे मांडली. हेलियम त्यापूर्वीच, १८९५ मध्ये, रॅम्झेने पृथ्वीवर प्रत्यक्ष मिळविला होता. म्हणजे तरुणपणी जे आकाशात तर्काने ओळखले, ते प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतर तो शास्त्रज्ञ मराठ्यांच्या जुन्या आरमारी किल्ल्यावर पुन्हा सूर्याकडे पाहण्यास आला होता. यादीकाराने दोन ग्रहणे एकत्र कालवली, आणि तसे करताना चांगली गोष्ट फेकून देऊन वाईट गोष्ट ठेवली. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरविले; जागेवर जाऊन किंवा पुस्तक उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

याहून गंभीर उदाहरण रत्नागिरीचे आहे. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा यास १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी प्रथम मद्रासेस व पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेविले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो तेथेच वारला. आयुष्याची तीस वर्षे त्याने परक्या समुद्राकाठी काढली. आमच्या याद्यांत हा वाडा ‘रम्य वास्तू’ ठरला असून जवळच्या कड्यावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताची शिफारस केलेली आहे. सूर्यास्त सुंदर असतो यात वाद नाही. आम्हीही तो पाहिला. परंतु ज्या माणसाचे राज्य पूर्वेस होते, त्याने हजारो संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून काय पाहिले असेल, हा विचार वाचकाच्या मनात जागा करण्यास एक वाक्य पुरले असते. तेवढे एक वाक्य आम्हांस कोठेही आढळले नाही.

मालगुंडास कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, १८६६ मध्ये जन्मले. तेथे त्यांचे स्मारक आहे, आणि यादीत त्यापुढे ‘अर्धा तास’ असा वेळ नोंदलेला आहे. मराठी कवितेस नवे वळण लावणाऱ्या कवीस अर्धा तास द्यावयाचा किंवा कसे, याविषयी आम्ही भांडत नाही. परंतु त्या अर्ध्या तासात त्यांची कोणती कविता मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, एवढे सांगावयास काय हरकत होती? सिंधुदुर्गाचेही तसेच. १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर पाया घातलेल्या या किल्ल्यात शिवछत्रपतींच्या हातापायांचे ठसे पाहावे, हे सर्व याद्या सांगतात. चहूबाजूंनी खारे पाणी असता आत दूधबाव, साखरबाव व दहीबाव या तीन विहिरींत गोडे पाणी आहे, हा मजकूरही कोठे कोठे सापडतो. पण तो ‘चमत्कार’ म्हणून. त्या पाण्यावाचून तटांच्या आत एक शिबंदी तगली नसती, हा साधा विचार मांडला असता, तर वाचक विहिरीत डोकावून पुढे न जाता काठावर क्षणभर थांबला असता.

आता ‘खावे’. येथे यादीकाराची लेखणी विशेषणांच्या भरतीत वाहून जाते. हापूस ‘स्वर्गीय’, मासळी ‘लाजवाब’, मोदक ‘अप्रतिम’, आणि सोलकढी तर ‘चाखलीच पाहिजे’ अशी. विशेषण हे चव सांगण्याचे साधन नव्हे. चव सांगता आली नाही म्हणजे विशेषण येते. मालवणच्या अलीकडे एका खेड्यात आम्ही उतरलो होतो. शेजारच्या घराच्या खळ्यात एक वृद्ध बाई चटईवर रातांब्यांची सोले वाळत घालीत होत्या. पिकलेला रातांबा फोडून बिया वेगळ्या काढावयाच्या, सोले रसामिठात बुडवून उन्हात घालावयाची, सुकली की पुन्हा बुडवावयाची, पुन्हा सुकवावयाची; असे अनेक दिवस चालते, तेव्हा आमसूल होते. खारवलेला रस ठेवला की ते आगळ, आणि बियांचेही तेल निघते. आमच्या धाकट्या कन्येने, जिच्या यादीत सोलकढीपुढे आदल्या दिवशीच खूण झालेली होती, त्यांस विचारले, “आजी, हे आत्ताच का करता? दिवाळीत का नाही?” आजींनी मान वर न करता आकाशाकडे बोट दाखविले. “फळ आता, नि ऊन आता. पाऊस इलो तर सगळा फुकट गो बाय,” असे म्हणून त्यांनी चटई थोडी उन्हाकडे सरकविली.

आमच्या सर्व याद्यांत मिळून कोकणच्या उन्हाळ्याविषयी जेवढे लिहिले होते, त्याहून अधिक त्या दोन वाक्यांत होते. कारण कोकणात उन्हाळा हा सुटीचा ऋतू नव्हे. रातांबे, काजू, फणस, आंबे ही सारी फळे एकदम हाताशी येतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात उभा राहतो. त्या अवधीत वर्षाचे आमसूल, आंब्याफणसाची साठे, पापड, लोणची, सुकी मासळी, सरपण, सारे उरकावयाचे असते. या धांदलीस आगोटीची तयारी म्हणतात. याच सुमारास घरे शाकारली जातात. मासळीचेही असेच आहे : यांत्रिक नौकांस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते, म्हणून मे महिन्यात बाजारात बांगड्याच्या राशींशेजारी सुकटीचे ढीग दिसतात. जो पाहुणा ताज्या पापलेटाचे ताट पुढे ओढतो, त्यास शेजारच्या टोपलीतील सुका बोंबील हा आषाढातल्या जेवणाची तरतूद आहे, हे कोणी सांगत नाही. यादीत ऋतूचे नाव ‘उन्हाळी’ एवढेच असते. ऋतूचे काम त्यात नसते.

हापूसाचीही कथा अशीच अर्धवट सांगितली जाते. त्याचे नाव पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून आले व कलमांची विद्या पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर रुजविली, हे बहुतेक सांगतात. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसास भौगोलिक निर्देशांकन मिळाले, हेही काही जण सांगतात. परंतु उन्हाच्या आधी झेला घेऊन झाडावर चढणारा गडी, देठ राखून फळ उतरविण्याची त्याची काळजी आणि पेंढ्यातील आढीचे रोजचे राखण यांस जागा नसते. आंबा जणू पेटीतच जन्मला, असा समज घेऊन आमची मुले परत येतात.

तिसरे सदर ‘करावे’ हे. तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहावे, यंत्रहोडीमागे दोरास बांधून हवेत उडावे, उंटावर बसावे. उंटाचा कोकणाशी संबंध काय, हे आम्हांस शेवटपर्यंत उमगले नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहावी, असेही एका ‘मे महिन्याच्या’ यादीत होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथे कासवांची अंडी राखण्याचे जे कार्य उभे केले, ते स्तुत्य आहे व अवश्य पाहण्याजोगे आहे. पण पिल्ले बाहेर पडण्याचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल हा. मे महिन्यात जाणाऱ्या कुटुंबास बहुधा रिकामी वाळूच दिसावयाची, आणि मग दोष कासवांस मिळावयाचा. उलट मेअखेरीस समुद्र खवळू लागतो, जलक्रीडा व किल्ल्याची होडी पावसाळ्यापुरती बंद होऊ लागते, पोहणे धोक्याचे होते. ही सूचना मुलाबाळांच्या वडिलांस सर्वप्रथम मिळावयास हवी. ती आम्हांस एका यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडली.

करण्यासारखी एक गोष्ट मात्र जवळजवळ कोणीच सुचविली नव्हती. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडी मोठे जाळे सोडीत अर्धवर्तुळ करून येते आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगा ते वाळूवर ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. आम्ही एके सकाळी त्या दोरास हात लावला. पंधरा मिनिटांत तळहात सोलवटले आणि जाळ्यात फारसे काही आले नाही. शेजारी ओढणाऱ्याने शांतपणे सांगितले, की अलीकडे असेच असते. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध रापणकरांचा झगडा पुष्कळ वर्षे चालू आहे. सरकारने २०१६ मध्ये त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तथापि तंटा मिटलेला नाही. हे सर्व त्या रिकाम्या जाळ्याने आम्हांस शिकविले, व आमच्या ताटातील माशाची किंमत आम्हांस त्या दिवसापासून निराळी वाटू लागली.

येथवर आम्ही टीकाकाराच्या आसनावरून बोललो. आता एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, जिच्यामुळे ते आसन काहीसे डळमळले. यांपैकी एका यादीत ‘जुने कौलारू घर, परसात फणस, घरगुती जेवण’ असे राहण्याच्या जागेचे वर्णन होते. खालचा पत्ता वाचला, तो आमच्या आजोळचा. ज्या पडवीत आम्ही लहानपणी सुटीभर लोळलो, ती आता भाड्याने मिळते, हे वाचून आम्हांस वाईट वाटले हे लपवीत नाही. तेथे गेल्यावर आम्ही मामेभावापाशी ते बोलूनही दाखविले. तो हसला आणि म्हणाला, “दादा, पाहुणे यायला लागले तेव्हापासून दर वर्षी घर वेळेवर शाकारलं जातं. तू सुटीला यायचास तेव्हा आंबे खायचास. कौलांवर कोण चढायचं, आठवतंय?”

आम्हांस आठवत नव्हते. चाळीस वर्षे ज्या उन्हाळ्याच्या आठवणी आम्ही वर्गात व व्यासपीठांवर रंगवून सांगितल्या, त्यांत आंबे होते, विहीर होती, समुद्र होता. कौलांवर चढणारा माणूस नव्हता. यादीकारावर जो आरोप आम्ही करीत होतो, तोच आमच्यावरही तंतोतंत लागू पडत होता. फरक एवढाच, की तो पैसे देऊन पाहुणा झाला आणि आम्ही नात्याने. मामी आगोटीच्या कामात वाकून गेलेल्या असताना आम्हीही पाहिले, खाल्ले आणि केले, एवढेच.

म्हणून हा दोष केवळ निनावी यादीकारांचा आहे, असे म्हणण्याचा धीर आता आम्हांस होत नाही. आमच्या सुशिक्षित वर्गाने कोकणाविषयी जे ललित लेखन केले, त्यातही माडपोफळी आणि गाज यांची गर्दी असून राबणारे हात पुष्कळदा वगळलेले आहेत. यादीकार हा आमचाच शिष्य आहे. त्याने आमची विशेषणे घेतली आणि त्यांपुढे दर लिहिले.

मग उपाय काय? यादी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ज्या याद्यांनी आमच्या आजोळचे छप्पर वाचविले, त्या बुडाव्यात असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आमची मागणी माफक आहे. इसवी सन एकदा पुस्तकात पाहून लिहावा. महिना लिहावा, आणि त्या महिन्यातच ते का, हे एका ओळीत सांगावे. विशेषण गाळून त्या जागी कृती सांगावी : आमसूल कसे होते, आढी कशी लागते, जाळे कोण ओढतो. आणि पाहावे, खावे, करावे या तीन सदरांस चौथे एक जोडावे : ‘विचारावे’. विजयदुर्गास ग्रहणाविषयी विचारावे, रापणकरास जाळ्याविषयी विचारावे, घरधनिणीस पावसाविषयी विचारावे.

परतीच्या गाडीत कन्येने आपली यादी पुन्हा उघडली होती. सोलकढीपुढची खूण तशीच होती. तिच्याशेजारी तिने ‘आजी, मे, ऊन’ असे तीन शब्द लिहिले होते. पुढील उन्हाळी अंकाच्या एखाद्या संपादकाने एवढे केले, तरी आम्ही आमची निम्मी तक्रार मागे घेऊ. उरलेली निम्मी आमच्या स्वतःविषयी आहे. तिचा निकाल पुढल्या वैशाखात, आजोळचे घर शाकारण्याच्या दिवशी, शिडीच्या खालच्या टोकाशी उभे राहून लावावयाचा आमचा विचार आहे.